धुरीची हजेरी

सदानंद धुरी ऑफिसात कोणालाच आवडत नसे. मलाही आवडला नाही. माणूस नजरेआड झाला की त्याच्याबद्दल जरा मऊ बोलायचं अशी आपल्याकडे पद्धत आहे. पण धुरीबद्दल मऊ लिहिलं तर सगळ्यात आधी तोच म्हणेल, "ह्यां खोटां आसा." तेव्हा होता तसाच सांगते.

आमचं ऑफिस अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटीत होतं. खाली पत्रे कापायचं वर्कशॉप आणि वर आम्ही. आम्ही 'सेतू' नावाचं एक टूल बनवत होतो. लोक ते आपल्या कंप्युटरवर बसवायचे आणि त्यात वेबसाइट, वेब ॲप्लिकेशन वगैरे बनवायचे. सुताराला रंधा लागतो तसं हे त्यांचं हत्यार. आमच्या जाहिरातीत वचन असं होतं की तुमचा कंप्युटर विंडोजचा असो, मॅक असो नाहीतर लिनक्सचा असो, सेतू सगळीकडे सारखाच चालेल, आणि सेतूत बनवलेलं ॲप्लिकेशन कुठल्याही फोनवर नीटच दिसेल. हे वचन आमचे मालक मेहता यांनी दिलं होतं. ते खरं आहे की नाही हे तपासायचं काम धुरीकडे होतं. मेहतांनी थापा मारायच्या आणि धुरीने त्या पकडायच्या, असा तो एकूण कारभार होता.

धुरी पन्नाशी ओलांडलेला, बुटका, सदैव अर्ध्या बाह्यांच्या शर्टातला. वडील गिरणीत होते, गाव मालवणाकडचं, आणि बिऱ्हाड बोरीवलीला, नॅशनल पार्कच्या भिंतीला लागून असलेल्या सोसायटीत. बोलणं एरवी मुंबईचं, पण राग आला की गाडी मालवणीवर घसरायची, आणि राग त्याला येतच असायचा. एखादी गोष्ट अगदी निर्दोष निघाली तर म्हणायचा, "बरं आहे. अजून मेलं नाही." एवढं ऐकलं तरी आम्ही खाली जाऊन एकमेकांना चहा पाजायचो.

त्याच्या मागे भिंतीलगत एक लांब टेबल होतं. त्यावर झाडून सगळ्या जातीची मशीनं मांडलेली. नवी कमी, जुनी जास्त. प्रत्येकाला त्याने नातं लावून ठेवलं होतं. एक जुनाट विंडोजचा लॅपटॉप होता, त्या आत्याबाई. कारण त्यांना कशाचाही राग यायचा आणि एकदा रुसल्या की अर्धा दिवस समजूत काढावी लागायची. लिनक्सचं मशीन म्हणजे जावई, त्याचं सगळं वेगळं वाढावं लागायचं. मॅक ही धाकटी जाऊ. दिसायला झकास, खर्चीक, आणि दुसऱ्याच्या घरचं काही चालत नाही. काच तडकलेला एक जुना टॅब्लेट होता, ते आजोबा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, गमतीशीर माणूस आहे. शुक्रवारपर्यंत तसं वाटत राहिलं.

शुक्रवारी जेवणानंतर हजेरी असायची. आठवड्यात आम्ही जे काही नवीन केलं असेल ते धुरी सगळ्या मशीनांवर एकामागून एक उघडायचा आणि शाळेतल्या मास्तरासारखा खणखणीत आवाजात पुकारायचा. "धाकटी जाऊ, हजर. जावई, हजर. आत्याबाई, गैरहजर! पालकांना बोलवा." ज्याच्या चुकीमुळे ते मशीन अडलं तो पालक. पालकाने सगळ्यांसमोर उभं राहायचं. आणि नुसतं उभं राहून सुटका नव्हती. चूक दुरुस्त होईपर्यंत त्याने आपला लॅपटॉप कपाटात ठेवून त्याच अडलेल्या मशीनवर बसून काम करायचं, असा धुरीचा नियम होता. ज्याला आपण तुच्छ समजलो त्याच्याच घरी राहायला जायचं, असं त्याचं म्हणणं. मेहतांनाही हा नियम मोडता आला नाही, कारण त्यामुळे चुका फार भराभर दुरुस्त व्हायच्या.

माझ्या पहिल्याच हजेरीत मी पालक झाले. मी तारीख निवडायचं कॅलेंडर बनवलं होतं. सगळीकडे सुरेख दिसत होतं, पण आजोबांवर शनिवार-रविवार स्क्रीनच्या बाहेर गेले.

"आजोबांच्या घरी आठवडा पाच दिवसांचा," धुरीने पुकारलं. "पालक कोण?"

मी उभी राहिले.

"काय गो, आई-बाबा आहेत ना तुझे?"

"आहेत सर."

"बाबांकडे फोन कुठला?"

"जुना आहे. बदलायचाय."

"म्हणजे तू हे त्यांच्यासाठी बनवलंच नाहीस. स्वतःच्या फोनमध्ये बघितलंस आणि खूश झालीस. घरी गेल्यावर सांग त्यांना, बाबा, तुमचा रविवार मी काढून घेतला."

बाकीचे हसले. त्या हसण्यात सुटकेचा भाग जास्त होता, हे मला पुढे कळलं, कारण पुढच्या शुक्रवारी मीही तशीच हसले. त्या दिवशी मात्र मी बाथरूममध्ये जाऊन रडले. परत आले तेव्हा धुरी म्हणाला, "झालं रडून? चहा पिऊन घे. आजोबांना जाग यायला वेळ लागतो." त्याने माफी मागितली असती तर मला बरं वाटलं असतं. त्याला ते सुचलंसुद्धा नाही.

माणसं जितकी मोठी तितका तो जास्त वाईट बोलायचा, एवढं त्याच्या बाजूने म्हणता येईल. एकदा नाशिकची एक कंपनी सेतू विकत घ्यायला आली होती. पतसंस्थांसाठी सॉफ्टवेअर बनवणारी माणसं, साधी, हिशेबी. ही गिऱ्हाइकं आणली होती आमच्या सेल्समधल्या कुणालने. मेहतांनी मॅकवर सगळं फिरवून दाखवलं. नाशिकच्या साहेबांनी विचारलं, "आमच्या मुलांकडे जुनी मशीनं आहेत. त्यांच्यावर चालेल ना?"

"एकदम मक्खन," मेहता म्हणाले.

मागच्या खुर्चीतून धुरी म्हणाला, "नाही चालणार."

मेहतांनी वळून डोळे वटारले. धुरीच पुढे म्हणाला, "म्हणजे उघडेल. पण सेव्ह करायला गेलात की अडकेल. या, दाखवतो." आणि त्या पाहुण्यांना उठवून, आत्याबाईंसमोर नेऊन, अडकवून दाखवलं त्याने. गिऱ्हाईक नमस्कार करून निघून गेलं. कुणालची ती वर्षातली शेवटची आशा होती, पुढच्याच महिन्यात त्याला घरी बसवलं. कोणीतरी धुरीला म्हणालं, "तुमच्यामुळे गेला तो." धुरी स्क्रीन पुसत होता. बायकोच्या जुन्या सुती साडीचा तुकडा त्यासाठी टेबलावर असायचा. पुसणं न थांबवता म्हणाला, "जे चालत नाही ते विकत होता. आज ना उद्या जाणारच होता."

गंमत म्हणजे नाशिकवाल्यांनी काही महिन्यांनी स्वतःहून फोन केला. त्यांनी विचारलं, तो नाही म्हणणारा माणूस अजून तुमच्याकडे आहे का, आणि आता तो काय म्हणतो? तोवर सेव्हचा घोळ निस्तरला होता. धुरी हो म्हणाला आणि त्यांनी सेतू घेतला. तेव्हापासून मेहता प्रत्येक मीटिंगला धुरीला बोलावून बसवू लागले. कुणालला मात्र कोणी परत बोलावलं नाही.

धुरीची बायको सुनंदा. तिच्या दोन्ही किडन्या निकामी झाल्या होत्या आणि आठवड्यातून दोनदा तिला डायलिसिस लागायचं. ही गोष्ट त्याने आम्हाला सांगितली तीही कशी, तर दुपारी डबा खाताना. "सुनंदाच्या किडन्यांचा सपोर्ट बंद झाला. आता बाहेरून चालवायचं." त्याने बांगड्याचा काटा काढला आणि जेवत राहिला. हा सगळा खर्च कंपनीच्या मेडिक्लेमवर चालायचा. एकट्याने पॉलिसी काढायला गेलं तर आधीच असलेल्या आजाराला कोणी दारात उभं करत नाही. कंपनीच्या पॉलिसीत बायको पहिल्या दिवसापासून सामावून जाते. म्हणजे धुरीची नोकरी हेच सुनंदाचं औषध होतं. ऑफिसात हे सगळ्यांना ठाऊक होतं आणि धुरीला तर पुरतं ठाऊक होतं.

मी एकदा बोरीवलीला त्याच्या घरी गेले होते. सुनंदाताई हडकलेल्या, पण भारी बोलक्या. धुरी आत सोलकढी करत होता. मी हळूच विचारलं, "घरी पण असेच बोलतात का हो?"

त्या खळखळून हसल्या. "अगं, डॉक्टर म्हणाले, वहिनी, आशा ठेवा. हे घरी आल्यावर म्हणाले, ठेव, पण फार नको. मी दोन दिवस बोलले नाही ह्यांच्याशी. मग विचार केला, सगळे येतात ते गोड बोलून जातात. निदान एकाकडून तरी मला कळतं मी कुठे आहे ते."

आतून आवाज आला, "मीठ जास्त झालंय. तुला चालणार नाही. तू नुसता वास घे."

त्या पुन्हा हसल्या. मला हसू आलं नाही.

अशा माणसाला एक मित्र होता, हे आश्चर्यच. मिलिंद प्रधान, मुलुंडचा. दोघं कंपनीत एकदमच लागले होते. धुरी त्याला मिल्या म्हणायचा आणि तो धुरीला सद्या. प्रधानच्या डब्यातलं बिरडं धुरी खायचा आणि धुरीचा बांगडा प्रधान. सुनंदाताई आयसीयूत होत्या तेव्हा रजा टाकून दिवसभर प्रधान बाहेर बाकावर बसून असायचा, म्हणून धुरीला ऑफिसला येता आलं. प्रधान सगळ्यांनाच आवडायचा. विंडोजवरचा सेतू ही त्याची एकट्याची कामगिरी. त्यातली सगळी गुंतागुंत त्याच्या डोक्यात होती आणि दुसरं फारसं काही नव्हतं. या वयात बाहेर कोण घेणार, हे तो स्वतःच हसत सांगायचा.

मग कंपनीचे दिवस फिरले. मेहतांनी एक दिवस सगळ्यांना बसवून सांगितलं की विंडोजवरचा सेतू फार रडतो. तक्रारी त्याच्याच, खर्च त्याचाच. प्रधानने तो नव्याने लिहावा. ठरलेल्या शुक्रवारी हजेरीत पास झाला तर ठेवू. नाहीतर बंद. आणि विंडोज बंद केलं तर बाकीची मशीनं तरी कशाला सांभाळायची? मग सेतू कोणाच्या मशीनवर बसवायचाच नाही, आपल्या सर्व्हरवर ठेवायचा आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, हा एक ब्राउझर घ्या आणि त्यातच उघडा. गुंतवणूकदारांना तेच हवं होतं, मेहतांना नको होतं. म्हणून त्यांनी निकाल धुरीवर सोपवला. धुरीने पास म्हटलं तर वर कोणी प्रश्न विचारणार नव्हतं.

प्रधानने जीव तोडून काम केलं. त्याचे डोळे सुजलेले असायचे. धुरी त्याला एका शब्दाने काही विचारत नसे. डबा मात्र दोघं एकत्रच खायचे.

तो शुक्रवार आला. मेहता स्वतः येऊन उभे राहिले. धुरीने साडीच्या तुकड्याने एकेक स्क्रीन पुसली. नवा विंडोज, हजर. मधला विंडोज, हजर. प्रधानच्या चेहऱ्यावर हळूहळू रंग येऊ लागला. आत्याबाई उरल्या. धुरीने आत्याबाई चालू केल्या, सेतू उघडला, सेव्ह केलं, बंद केलं, पुन्हा उघडलं. सगळं सुरळीत. मागे कोणीतरी टाळी वाजवली.

"थांबा," धुरी म्हणाला. "आत्याबाईंकडे आज नवीन पाहुणा आलाय."

त्याने त्या लॅपटॉपवर एक नवं खातं बनवून ठेवलं होतं. खात्याचं नाव देवनागरीत होतं: मिलिंद. स्क्रीनवर ते मोठ्या अक्षरांत आलं तेव्हा प्रधानसकट सगळे हसले. मित्राने मित्राचा मान केला असंच वाटलं. धुरीने त्या खात्यात शिरून सेतू उघडला. सेतू उघडलाच नाही. खिडकी क्षणभर दिसली आणि मिटली. पुन्हा उघडला, पुन्हा मिटली.

कारण समजायला वेळ लागला नाही. खात्याचं नाव मराठीत, म्हणून त्या माणसाच्या फोल्डरचं नाव मराठीत. आणि सेतूला मराठी नावाच्या फोल्डरातून आपलं सामान उचलता येत नव्हतं. मालक सोडले तर आम्ही सगळे मराठीच. दिवसभर मराठीत बोलायचो, भांडायचो, मराठीत शिव्या घालायचो, पण कंप्युटरवर आपलं नाव मराठीत लिहावं असं आमच्यापैकी एकालाही कधी सुचलं नव्हतं. प्रधानला तर नाहीच.

"आत्याबाई, गैरहजर," धुरी म्हणाला. "पालक?"

प्रधान उभाच होता. "सद्या, हे दोन दिवसांचं काम आहे. मी सोमवारी देतो."

"सोमवारचं सोमवारी बघू. निकाल आजचा आहे."

मेहता पुढे आले. "धुरी, ये छोटा मामला है ना? मैं पास लिख देता हूं. मिलिंद मंडे को कर देगा."

"तुम्ही लिहा. मला विचारलंत तर नापास."

"अरे, कितने लोग मराठी में नाम डालते हैं?"

"पतसंस्थांची मुलं टाकतात. आमच्या गावची पोरं टाकतात. ज्याने बनवलं त्याच्याच नावाला ते दार उघडत नाही, आणि मी पास लिहू?"

प्रधान अगदी हळू म्हणाला, "सद्या, तुला आधीच कळलं होतं ना? काल सांगितलं असतंस तर रात्रीत केलं असतं मी."

"काल सांगायचं तर सगळ्यांनाच आदल्या दिवशी सांगायला हवं होतं इतकी वर्षं," धुरी म्हणाला. "ह्या पोरीला सांगितलं होतं का मी?"

पोरगी म्हणजे मी. माझं नाव त्या भांडणात उगाच आलं याचा मला आजही संताप येतो.

विंडोजवरचा सेतू बंद झाला. संध्याकाळी मी धुरीला खाली टपरीवर गाठलं. वर्कशॉपचा कर्कश आवाज चालू होता, मला जवळजवळ ओरडावंच लागलं. "सर, एकाच ब्राउझरमध्ये चालणार म्हटल्यावर सगळ्या मशीनांवर तपासणारा माणूस कशाला ठेवतील? तुमची पण नोकरी गेली. सुनंदाताईंचं काय?"

"माका म्हाईत हा," तो म्हणाला.

"मग?"

"मग काय? तां चललां नाय, गो. चललां म्हणान कसां लिवू?"

त्याने कटिंग संपवला आणि ग्लास टपरीवाल्याला परत दिला. त्याच्या चेहऱ्यावर दुःख बिःख काही नव्हतं. एका बाजूने मित्र, दुसऱ्या बाजूने बायको, आणि ह्या माणसाला मध्ये एक मिटणारी खिडकी तेवढी दिसत होती. मला त्याला हलवावंसं वाटलं. असल्या खरेपणाला आग लागो, असंही वाटलं.

प्रधानच्या निरोपाला केक आणला होता. सगळे भरभरून बोलले. मग कोणीतरी, बहुधा हुशारीने, धुरीला म्हणालं, "तुम्ही बोला ना दोन शब्द."

धुरी उभा राहिला. "मिल्या माणूस सोन्यासारखा. माझ्या घरच्या अडचणीत त्याने जे केलं ते सख्ख्या भावाने केलं नसतं." प्रधानने मान वर केली. "काम मात्र शेवटी शेवटी ढिलं झालं होतं," धुरी म्हणाला, आणि बसला.

प्रधानने हातातली केकची बशी टेबलावर ठेवली, बॅग उचलली आणि निघून गेला. त्यानंतर तो धुरीशी एक शब्द बोलला नाही. धुरीने काही वेळा फोन केला होता, तो त्याने उचलला नाही. धुरी हे मला सांगताना म्हणाला, "बरोबर आहे त्याचं." महिन्याभरात धुरीलाही पत्र मिळालं. त्याच्या निरोपाला केक आणावा असं कोणाच्या मनात आलं नाही.

पुढे मीही ती कंपनी सोडली आणि घाटकोपरच्या एका कंपनीत लागले. मेट्रो स्टेशनच्या जवळ, काचेची इमारत. तिथे लोकांना ऑनलाइन फॉर्म बनवून देणारं टूल होतं आणि ते वेगवेगळ्या फोनवर, मशीनांवर तपासायला अनुभवी माणूस हवा होता. धुरीला हे कुठून कळलं कोण जाणे. त्याचा फोन आला. वर्ष उलटून गेलं होतं. तो सोसायट्यांच्या वेबसाइटी तपासून देण्याची किरकोळ कामं करत होता. सुनंदाताईंचं डायलिसिस आता एका धर्मादाय हॉस्पिटलात होतं. तिथे रांग मोठी, आठवड्यातून दोनदा ठरलेलं कधी एकदाच व्हायचं. मग अंगात पाणी साठून त्यांना धाप लागायची, रात्र बसून काढावी लागायची. हे त्याने मला बातम्या वाचल्यासारखं सांगितलं. मग विचारलं, "तुमच्याकडे मेडिक्लेम पहिल्या दिवसापासून आहे?"

"आहे सर."

"बायकोला पण?"

"हो."

मग तो म्हणाला, "बघ जमतंय का." हे शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते. मला ते बिलकूल आवडले नाहीत.

माझा तिथला साहेब तन्मय, तिशीतला, चटपटीत आणि डोक्याने तेज. मी त्याला सांगितलं होतं की हा माणूस तोंडाने फाटका आहे, वाटेल ते बोलेल, पण अख्ख्या मुंबईत असे डोळे मिळणार नाहीत. तन्मय म्हणाला, "मस्त. तसाच हवाय यार."

धुरी आला. पूर्ण बाह्यांचा शर्ट, त्याच्या बाह्यांवर ताज्या इस्त्रीच्या घड्या, आणि चेहरा अर्ध्यावर आलेला. तन्मयने चहा मागवला, गप्पा मारल्या आणि मग टेबलावरचा एक फोन त्याच्यासमोर सरकवला. "सर, हा आमचा फॉर्म. जरा वापरून बघा आणि सांगा कसा वाटतो."

धुरीने फोन घेतला. नाव लिहायला बोट टेकवलं, कीबोर्ड वर आला. मी शेजारीच बसले होते, मला स्क्रीन दिसत होती. 'पुढे' असं लिहिलेलं बटण कीबोर्डच्या खाली गडप झालं होतं. धुरीचा अंगठा तिथे गेला आणि थांबला. मी मनात म्हटलं, आता मालवणी सुरू होणार. मला बरं वाटलं, अगदी खरं सांगते, आनंद झाला.

त्याने कीबोर्ड मिटवला, बटण दाबलं, फॉर्म पुरा केला आणि फोन खाली ठेवला.

"छान आहे," धुरी म्हणाला.

"काही सुधारणा?"

"नाही. चांगलं काम केलंय पोरांनी. कुठल्याही फोनवर चालेल."

तन्मयने आणखी एकदा विचारलं, "नक्की ना, सर? मोकळेपणाने सांगा."

"नक्की," धुरी म्हणाला, आणि हसला. ते हसू त्याला येत नव्हतं, पण त्याने ते नेटाने तोंडावर धरून ठेवलं.

मी त्याला लिफ्टपर्यंत सोडायला गेले. ऑफिसचं दार मागे मिटल्याबरोबर तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "ते बटण कीबोर्डखाली जातंय. बघितलंस ना? पहिल्याच दिवशी काढतो मी ते. आत्ता कशाला त्या मुलाचं तोंड कडू करायचं?" त्याला धाप लागली होती. "सुनंदाने देवासमोर उभं करून शपथ घातली. म्हणाली, एक शब्द वाकडा बोललात तर माझं मेलेलं तोंड बघाल. नाही बोललो. शिकलो की नाही मी, सांग."

लिफ्ट आली आणि तो खाली गेला.

मी परत आले तर तन्मय लॅपटॉप बंद करत होता. "गोड माणूस आहे गं," तो म्हणाला. "पण आपल्याला नाही चालणार. ते बटण मी मुद्दाम तसं ठेवलं होतं. सगळ्यांना तेच देतो. कॉलेजातून आलेल्या मुलीने पण पकडलं काल."

"त्यांना दिसलं होतं, तन्मय. आत्ता लिफ्टपाशी सांगितलं मला."

"मग माझ्यासमोर का नाही बोलले?"

मी सगळं सांगितलं. नाशिकवाले, प्रधान, सुनंदाताई, सगळं. तो ऐकत होता, आणि वाईट माणूस नव्हता तो. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाला, "असेलही. पण मी जे बघितलं त्यावरच ठरवणार ना? ज्याला नोकरीची इतकी गरज आहे तो उद्या मला नाही कसं म्हणेल? सॉरी, प्राची. संध्याकाळपर्यंत मेल जाईल त्यांना."

ह्यावर उत्तर द्यायला जगात एकच माणूस होता आणि तो खाली गेला होता. मी खिडकीपाशी गेले. तिसऱ्या मजल्यावरून रस्ता स्पष्ट दिसतो. धुरी रिक्षांच्या रांगेशी उभा होता, फोन कानाला लावून. बोलताना मोकळा हात हवेत फिरवत होता, टेबलावर काहीतरी ठेवल्यासारखं करून दाखवत होता. मग पलीकडून काहीतरी विचारलं गेलं असावं, कारण तो थांबला, आणि छातीवर हात ठेवून मोठ्याने हसला. काचेमुळे आवाज येत नव्हता. रांगेतला रिक्षावाला त्याला हात करत होता, पण त्याचं लक्ष नव्हतं. तो सुनंदाताईंना अजून सांगतच होता.